मजकुरी ई-मेल : मट आणि व्हिम यांची जुळवाजुळव

ई-मेल म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ब्राउझरमधील रंगीत पान किंवा मोबाइलची चौकट उभी राहते. परंतु १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले, तेव्हा पडद्यावर चित्र नव्हते, बटण नव्हते. होती ती केवळ अक्षरे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या काळी 'शेल' नावाचे जे स्वस्त खाते मिळत असे, त्यावर चित्रे दिसतच नसत. कित्येक विद्यार्थ्यांनी आपली पहिली पत्रे वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या 'पाइन' या मजकुरी प्रोग्रॅममधूनच लिहिली.

हा प्रकार कालबाह्य झाला असे मानण्याचे कारण नाही. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे प्रोग्रॅमर आजही आपल्या दुरुस्त्या साध्या मजकुराच्या ई-मेलने पाठवतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे सर्व्हर सांभाळण्याच्या कामात आहेत, त्यांच्यासमोर काळा पडदाच असतो. आणि ज्या घरात दहा-बारा वर्षांपूर्वीचा, कोणी तरी वापरून दिलेला संगणक आहे, जेथे ब्राउझर उघडताच यंत्र धापा टाकू लागते, तेथे लिनक्सवर चालणारा मजकुरी प्रोग्रॅम क्षणात उघडतो. त्यातून आपली मराठी पत्रे सुखरूप जावीत, यासाठी काय करावे लागते ते येथे सांगावयाचे आहे. उदाहरणासाठी 'मट' हा प्रोग्रॅम घेतला आहे. मायकेल एल्किन्स यांनी तो १९९५ साली लिहिला.

मटची पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, तो पत्र लिहीत नाही. आलेली पत्रे मांडणे, उघडून दाखवणे, उत्तराची तयारी करणे आणि लिहून झालेले पत्र पुढे धाडणे एवढेच त्याचे काम. आपण 'एम' ही कळ दाबली की तो पत्ता व विषय विचारतो आणि कोरा कागद एका वेगळ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे एडिटरच्या, हाती देतो. मजकूर जतन करून एडिटर बंद केला की पत्र पुन्हा मटकडे येते. मग 'वाय' दाबले की ते रवाना होते. म्हणून दोघांची जुळणी स्वतंत्रपणे करावी लागते. एखादी गोष्ट बिघडली तर ती कोणाच्या अखत्यारीतली, हे आधी ठरवता आले की निम्मे काम झाले.

मटच्या साऱ्या आवडीनिवडी एका साध्या फाइलमध्ये राहतात. तिचे नाव 'मटआरसी'. नावाच्या आरंभी एक टिंब असते आणि ती आपल्या होम फोल्डरमध्ये ठेवायची असते. येथे लागणाऱ्या सूचना 'सेट' या शब्दाने सुरू होतात. (येथे नावे देवनागरीत दिली असली तरी फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अधोरेषा देऊन लिहावीत.) 'रिअलनेम' म्हणजे पत्रावर झळकणारे आपले नाव, 'फ्रॉम' म्हणजे आपला पत्ता, 'एडिटर' म्हणजे कोणत्या एडिटरला बोलवायचे ते. 'एडिट हेडर्स' चालू केले तर पत्ता आणि विषय या ओळीही एडिटरमध्ये दिसतात व तेथेच सुधारता येतात. मला ही सोय अत्यावश्यक वाटते. उरलेल्या शेकडो सूचनांकडे प्रथम पाहूच नये.

मराठीच्या दृष्टीने कळीची सूचना 'सेंड कॅरसेट' ही आहे. पत्र कोणत्या संकेतप्रणालीत पाठवायचे, याची क्रमवार यादी तीत असते. मट पहिली प्रणाली तपासतो. तीत सर्व अक्षरे बसली तर ती घेतो, नाही तर पुढची. मूळ यादीत शेवटी यूटीएफ-८ असल्याने देवनागरी पत्र आपोआप त्याच प्रणालीत जाते, आणि ती यादी बदलण्याची सहसा गरज पडत नाही. मात्र संगणकाची स्वतःची भाषा-मांडणी, जिला लोकेल म्हणतात, तीही यूटीएफ-८ असावी लागते. ती तशी नसेल तर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे दिसू लागतात आणि लोक विनाकारण मटला दोष देतात.

अक्षरे आहेत, पण 'क्ष' किंवा 'र्य' तुटक दिसतात, वेलांटी भलत्याच जागी बसते, अशी तक्रार निराळी. जोडाक्षरे जुळवून दाखवणे हे ना मटचे काम, ना एडिटरचे. ते टर्मिनलचे, म्हणजे ज्या काळ्या खिडकीत हे सारे चालते तिचे. 'एमएलटर्म' हे भारतीय लिप्यांची जाण असलेले टर्मिनल वापरून पाहावे. पडद्यावर तुटक दिसलेले पत्र समोरच्याला बहुधा नीटच मिळते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या मजकुराची गोष्ट मात्र वेगळी: तो फॉन्ट नसलेल्याकडे रोमन अक्षरांचा गोंधळच पोहोचतो आणि मटमधील कोणतीही सूचना त्याला वाचवू शकत नाही. स्मरणिकांच्या संपादकांना हे निराळे सांगायला नको.

आता एडिटर. नवख्याने 'नॅनो' घ्यावा. तो पाइनसोबतच्या 'पिको' एडिटरच्या धर्तीवर बेतलेला असून कळांची यादी पडद्याच्या तळाशीच दाखवतो. ज्याला रोज लिहायचे आहे त्याने 'व्हिम' शिकण्याचे कष्ट घ्यावेत. ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने १९९१ साली तो प्रसिद्ध केला. तो फुकट आहे, पण उघडताच युगांडातील गरीब मुलांना मदत करा अशी विनंती पडद्यावर दिसते. मूलेनार यांनी युगांडातील किबाले येथे स्वयंसेवक म्हणून काम केले होते. एड्सने आईवडील हिरावलेल्या तेथील मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी संस्था काढली आणि व्हिमच्या मोबदल्यात तिला देणगी देण्याची विनंती केली. २०२३ साली ते निवर्तले.

व्हिममध्ये दोन अवस्था असतात. एकीत कळा म्हणजे आज्ञा, दुसरीत कळा म्हणजे अक्षरे. 'आय' दाबून लिहू लागायचे, 'एस्केप' दाबून आज्ञांकडे परतायचे. मराठी लिहिणाऱ्याची खरी अडचण येथेच आहे: कळफलक मराठीवर असताना 'एस्केप' दाबले तरी पुढची कळ देवनागरी अक्षर देते आणि व्हिमला आज्ञा कळत नाही. दर वेळी कळफलक इंग्रजीवर आणणे हा एक मार्ग. दुसरा अधिक शहाणपणाचा: व्हिमची 'कीमॅप' सोय वापरावी. कोणती कळ कोणते अक्षर देईल याची एक छोटी फाइल लिहून ठेवली की मराठी फक्त लेखनाच्या अवस्थेतच चालू राहते व आज्ञा रोमनच राहतात. एक संध्याकाळ जाते, पण पुढची अनेक वर्षे सुखाची होतात.

ओळीची रुंदी हा वादाचा विषय. मट पत्र हाती देतो तेव्हा व्हिम ते ओळखतो आणि ७२ स्तंभांवर ओळ मोडतो. जुने पडदे ८० स्तंभांचे असत, आणि तो आकडाही आयबीएमच्या छिद्रपत्रांतून आलेला. उत्तरात जुन्या मजकुरापुढे लागणाऱ्या बाणाच्या खुणांसाठी थोडी जागा सोडली की ७२ उरतात. पण अशी मोडलेली ओळ मोबाइलवर एक लांब, एक आखूड अशी दिसते. तुमचे वाचक मोबाइलवालेच असतील, तर 'टेक्स्टविड्थ' शून्य करावी. नुसते शून्य लिहून भागत नाही. पत्रांच्या बाबतीत व्हिम पुन्हा ७२ लावतो, म्हणून फाइल उघडल्यानंतर ती सूचना लागू होईल अशी व्यवस्था करावी.

'अबॉर्ट नोअटॅच' ही सूचना विशेष उपयोगी. मजकुरात ठरावीक शब्द आला आणि पत्राला फाइल जोडलेली नसली, तर मट पाठवण्यापूर्वी थांबतो. मूळचे शब्द इंग्रजी आहेत. त्यांत 'सोबत' आणि 'जोडले' यांची भर घालावी. नोकरीचा अर्ज पाठवणाऱ्या मुलामुलींना ही सूचना तरी शिकवलीच पाहिजे.

संकेतशब्द मात्र मटआरसीत उघडा लिहून ठेवू नये. ती फाइल मित्राला सहज दिली जाते. जीमेलच्या बाबतीत तर नेहमीचा संकेतशब्द चालतही नाही. द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' घ्यावा लागतो. तो फक्त स्वतःला वाचता येईल अशा स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा.

सारे जुळले की पहिले पत्र स्वतःलाच लिहावे. विषयाच्या ओळीतही मराठी लिहावे आणि मजकुरात क्ष, ज्ञ, ऱ्या, ऑ, ळ ही अक्षरे मुद्दाम आणावीत. मग ते मोबाइलवर उघडून पाहावे. अक्षरे शाबूत असतील, तर दोन्ही फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. दुसऱ्या संगणकावर त्या तशाच चालतात, संकेतशब्दाची फाइल तेवढी नव्याने करावी लागते.