रोल केज बसवताय? पाईपाआधी त्याचे पाय बघा

थार, जिप्सी किंवा जुनी जीप घेऊन चिखलात उतरणाऱ्यांसाठी आजचा भाग आहे. विषय: घरच्या घरी रोल केज बसवणं.

रोल केज म्हणजे गाडीच्या आतला पाईपांचा पिंजरा. गाडी उलटली तर छत डोक्यावर येऊ नये, हे त्याचं काम. दिसतो भारी, पण चुकीचा बसवला तर तोच पाईप डोक्यात बसतो.

पाईप कुठला? नळाचा जीआय पाईप नको. तो पाण्यासाठी असतो, आणि वेल्डिंग करताना त्याच्यावरच्या जस्ताचा धूर बाधतो. रेसिंगच्या एफआयए नियमांत सीटमागच्या मुख्य कमानीला कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील लागतं: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी.

खरी गंमत पायांत आहे. गाडी उलटली की सगळा भार पायांतून खाली जातो, आणि खाली असतो पातळ पत्रा. पाईप थेट त्यावर जोडला तर तो पत्रा फाडून खाली घुसतो. म्हणजे केज शाबूत, पण छत खाली! म्हणून प्रत्येक पायाखाली किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी. म्हणजे साधारण तुमच्या हातातल्या मोबाईलएवढी. बोल्टचा केज असेल तर प्रत्येक पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम८ बोल्ट.

अजून एक. या गाड्यांची बॉडी चॅसीवर रबरावर बसलेली असते, थोडी हलते. अर्धे पाय बॉडीला आणि अर्धे चॅसीला घट्ट जोडले, तर जोड तडकू शकतात.

तिरका पाईप विसरू नका. घरातलं डुगडुगणारं रॅक आठवा. मागे एक तिरकी पट्टी मारली की घट्ट होतं ना? केजचंही तसंच. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही.

मग घरी काय करायचं? सीट आणि कार्पेट काढणं, मापं घेणं, पुठ्ठ्याचे नमुने कापणं, बोल्ट आवळणं, रंग देणं. वेल्डिंग मात्र मुरलेल्या हाताला द्या. त्याआधी बॅटरीची वायर काढा, अग्निशामक जवळ ठेवा. जोड पाईपाच्या चारी बाजूंनी भरलाय का, तेही तपासा. छताजवळची बाजू हमखास राहते.

डोक्याचं काय? ट्रॅकवर हेल्मेट असतं, रस्त्यावर नसतं. साध्या धडकेतही उघडं डोकं पाईपावर आपटू शकतं. डोक्याजवळच्या पाईपांना रोल केजसाठीचं टणक पॅडिंग लावा, मऊ स्पंज चालत नाही. आणि छताच्या कडेला कर्टन एअरबॅग असेल, तर पाईप तिच्या वाटेत येता कामा नये.

शेवटचं, कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पाईप आणण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. फक्त लूकसाठी केज हवा असेल, तर राहू द्या मित्रांनो. रोजच्या गाडीत विनाहेल्मेट तो मदतीपेक्षा धोकाच जास्त.

भेटूया पुढच्या भागात. तोवर बेल्ट लावा!