मत्स्यालयातील ‘शेवाळ’ : एक शब्द, अनेक जीव

विहिरीच्या पायरीवरील निसरडा थर, पावसाळ्यात भिंतीवर उगवणारी हिरवी मखमल आणि डबक्यातील तंतूंचा गुंता या तिन्हींना मराठी बोलीत ‘शेवाळ’ म्हणतात. संस्कृत ‘शैवाल’ या शब्दापासून आलेल्या या नावाच्या व्यापकतेने व्यवहारात काही बिघडत नाही. तथापि पाणवनस्पती लावलेल्या गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात ती घातक ठरू शकते. कारण तेथे नावावरून उपाय ठरतो.

नव्या टाकीच्या काचेवर येणारा तपकिरी थर बहुधा डायाटमांचा असतो. डबी व झाकण यांप्रमाणे एकमेकांत बसणाऱ्या सिलिकामय कवचांमुळे मराठी परिभाषेत त्यांना ‘करंडक वनस्पती’ म्हटले जाते. हा थर बोटानेही पुसला जातो व टाकी स्थिरावल्यावर सहसा आपोआप ओसरतो. काचेवरील कठीण हिरवे ठिपके मात्र हिरव्या शैवलांचे असतात. ते खरवडूनच काढावे लागतात.

सर्वांत चिवट ते पानांच्या कडांवर दाढीसारखे वाढणारे काळे झुपके. रंगाने काळे असले तरी ते तांबड्या शैवलांच्या वर्गातील होत. झुपका मद्यार्कात ठेवल्यास हरितद्रव्य विरघळते व दडलेला तांबडा रंग प्रकट होतो. ग्रस्त पाने छाटणे, प्रकाश दिवसाकाठी ६ ते ८ तासांवर आणणे आणि कार्बन डायऑक्साइड देत असल्यास त्याचे प्रमाण स्थिर राखणे, हे त्यावरील उपाय. हायड्रोजन पेरॉक्साइडनेही झुपके मरतात. परंतु हौसेने लावलेले ‘जावा मॉस’, म्हणजे बोलीतील दुसरे ‘शेवाळ’, त्याने करपू शकते.

याउलट, तळावर व पानांवर चादरीसारखे पसरणारे, दुर्गंधीयुक्त, निळसर हिरवे पटल हे वस्तुतः शैवलच नव्हे. ‘नील-हरित शैवल’ हे नाव रूढ असले तरी ते सायनोबॅक्टेरिया, अर्थात जीवाणू होत. म्हणूनच एरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकाने ते मरतात. परंतु अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणारे गाळणीतील सूक्ष्मजीवही जीवाणूच. ते दगावल्यास पाण्यात अमोनिया साचतो व मासे मरतात. यास्तव पटल प्रथम नळीने शोषून घ्यावे, टाकी ३-४ दिवस पूर्ण अंधारात ठेवावी आणि नंतर काही पाणी बदलावे.

सारांश, ‘शेवाळावरचे औषध’ या शब्दप्रयोगास निश्चित अर्थ नाही. बोलीने एका शब्दात बांधलेले जीव प्रथम वेगळे ओळखावेत, मगच उपाय योजावा.