रद्दी, मोड आणि मोल

कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस आणि कायदेकानू यांवर बोलावे. कलावस्तूंचा संग्रह हा काही त्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चूक म्हणता यायचे नाही. संग्राहक म्हटला की काचेची कपाटे, गालिचे आणि पैसेवाला माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते रद्दीच्या दुकानातून किलोच्या भावाने आणलेल्या पुस्तकांवर. त्या दुकानांत पुस्तकांच्या शेजारी इतरही वस्तू पडलेल्या असत. तीसपस्तीस वर्षे त्या पाहत आलो. काही घेतल्या, पुष्कळ सोडल्या, काही बिघडवल्याही. एवढ्याच अधिकारावर हा विषय मांडीत आहोत.

मुंबईचा चोर बाजार सर्वांना ऐकून माहीत असतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आमच्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडे असा एका जागी भरणारा नामांकित बाजार नाही. येथे जुना बाजार विखुरलेला आहे. थोडा रद्दीवाल्याच्या तराजूमागे, थोडा भांड्यांच्या दुकानातल्या मोडीच्या ढिगात, थोडा बोहारणीच्या बोचक्यात, थोडा जुने सागवान विकणाऱ्याच्या वखारीत आणि उरलेला शीळ-डायघरच्या बाजूला असलेल्या भंगाराच्या गोदामांत. म्हणून ज्याला येथे काही शोधायचे आहे त्याने दुकाने पाठ करण्याआधी वस्तूंचा प्रवास समजून घ्यावा.

हा प्रवास सुरू होतो घरापासून. चाळ किंवा जुना वाडा पाडून तेथे इमारत उभी राहायची ठरली की माळ्यावरच्या वस्तू खाली येतात, आणि नव्या घराला माळा नसतो. स्टेनलेस स्टील घरोघर आले तेव्हा कल्हईचा त्रास संपला, आणि तांब्यापितळेची भांडी आधी माळ्यावर व मग मोडीत गेली. कारखाने बंद पडले तेव्हा यंत्रांबरोबर कचेरीतली घड्याळे, पितळी बिल्ले, नकाशे आणि दप्तरेही निघाली. हे सारे प्रथम फेरीवाल्याच्या हातगाडीवर चढते. तो ते दुकानात तोलून देतो. दुकानदार निवड करतो: लोखंड वेगळे, बीड वेगळे, पितळ, तांबे, जर्मन, कागद, काच. तेथून माल गोदामात आणि गोदामातून भट्टीत किंवा कागदाच्या कारखान्यात. एकदा भट्टीत गेलेली समई आणि नळाची तोटी यांत काही फरक उरत नाही.

यावरून एक उपयुक्त नियम निघतो. वस्तूला किती आयुष्य आहे ते तिच्या कलेवर नव्हे, तिच्या धातूवर ठरते. तांब्याचा भाव चढा, म्हणून तांबे दुकानात फार दिवस थांबत नाही. रद्दीचे एक पोते भरले की तेही निघते. लाकूड मात्र वर्षानुवर्षे पावसात पडून राहू शकते. तेव्हा ज्याला तांब्यापितळेची आणि कागदाची आवड आहे त्याने दुकानात आठवड्याला एक फेरी तरी मारली पाहिजे. दरवाजे आणि खांब शोधणाऱ्याने घाई केली नाही तरी चालेल.

हे काम थोरामोठ्यांनी केलेले आहे. ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे यांचा व्यवसाय मिठागरांचा. पण त्यांनी १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभे केले आणि जुन्या कवींच्या हस्तलिखित पोथ्या मिळवण्यासाठी आयुष्य वेचले. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा त्यांचा ग्रंथ त्या पोथ्यांच्या आधारावर उभा आहे. त्यांचे समकालीन इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरे धुंडाळीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे त्यांचे बावीस खंड झाले. पुण्याच्या दिनकर केळकरांचे घरचे दुकान चष्म्यांचे. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत, आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री असल्या घरगुती वस्तू गोळा केल्या. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय केले आणि वीस हजारांच्या घरातला तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. मिठागरवाला, फकिरासारखा हिंडणारा एक विद्वान आणि चष्मेवाला, अशी ही माणसे. यांतला कोणीही संस्थानिक नव्हता.

आता पाहावे कसे, हे सांगतो. पहिली गोष्ट, वस्तू उलटी करून पाहावी. सर्वसाधारण गिऱ्हाईक वस्तूचा दर्शनी भाग पाहते. तिची जन्मपत्रिका मात्र बहुधा तळाशी, पाठीमागे किंवा गळ्यापाशी असते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे. जुन्या भांड्यांवर हातोडी आणि छिन्नीने टिंबाटिंबांनी घातलेली नावे आढळतात. कोणाचे नाव, गाव, कधी तिथी, कधी लग्नात कोणी दिले तेही. रेल्वेच्या जुन्या कंदिलावर जी. आय. पी. ही अक्षरे दिसली तर तो १९५१ पूर्वीचा समजावा, कारण त्या वर्षी जी. आय. पी. रेल्वे जाऊन मध्य रेल्वे झाली. अशा कंदिलाची पावती मात्र मागून घ्यावी. रेल्वेचा माल लिलावात निघतो तसा चोरीलाही जातो.

दुसरी गोष्ट चित्रांची. जुन्या घरांतून निघालेल्या चौकटींत पुष्कळदा राजा रविवर्म्यांच्या छापखान्याची लक्ष्मी-सरस्वती सापडते. तो छापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चित्राखालच्या ओळीत कार्ले-लोणावळा असा पत्ता असेल तर ते चित्र स्थलांतरानंतरचे. पण त्याच चित्रांच्या नव्या नकलाही खूप आहेत. ओळखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. दगडी छापाच्या जुन्या चित्रात रंगाचे ठिपके वाळूच्या कणांसारखे वेडेवाकडे पसरलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके कवाइतीला उभे राहिल्यासारखे ओळीत असतात. गिरण्यांच्या कापडाच्या ठाणांवर चिकटवलेली रंगीत तिकिटेही अशीच पाहावीत. आमच्या कामगारांनी ती हजारांनी चिकटवली, आणि आज त्यांना कलेचा नमुना म्हणून गिऱ्हाईक आहे.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. पहिली चांगली सरस्वती हाती आली तेव्हा काचेमागची धूळ पाहून आम्हांला राहवले नाही. चित्र बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसले. वीणेवरचा हात फडक्याबरोबर निघून आला. तेव्हापासून नियम असा: पहिला महिनाभर कशालाही पाणी लावायचे नाही. पितळेला चिंच किंवा लिंबू लावले की ते लखलखते हे खरे, पण शंभर वर्षांत चढलेली झाक आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडाही त्याबरोबर जातात. कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण चढवू नये. आमच्या दमट हवेत सुती कापडाचे बासन, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि पावसाळा संपताच एकदा सावलीतला वारा, एवढे केले तरी कसर दूर राहते.

तिसरी गोष्ट कागदांची. रद्दीत दिवाळी अंक सर्वांत जास्त. ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी मध्यमवर्गाच्या घरात चित्रकला नेऊन पोहोचवली. ते अंक हातात आले तर मुखपृष्ठ कापून चौकटीत घालू नये. अंक अखंड ठेवावा. पण सगळेच मोलाचे कागद देखणे नसतात. डोंबिवलीतला एक कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांच्या देण्यांचा दावा चालू होता आणि नोकरीच्या तारखांवर सारे अडले होते. दप्तर सापडत नाही, असे उत्तर आले होते. ते दप्तर आम्हांला कल्याणच्या एका रद्दीच्या दुकानात, नेहमीच्या फेरीत दिसले. सुतळीने बांधलेल्या हजेरीपटांचे गठ्ठे होते. दुकानदार म्हणाला, “दादा, निम्मे काल संध्याकाळी गाडीत गेले.” राहिलेल्या गठ्ठ्यांत अकरा जणांच्या तारखा मिळाल्या. बाकीच्यांच्या गेल्या. एक दिवस आधी गेलो असतो तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता व्यवहार. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखित मोलाचे असेल तर पंचाहत्तर वर्षे पुरतात. मूर्ती, जुनी चित्रे, सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते. विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला पुरावस्तू परदेशी नेता येत नाही. देवळातली मूर्ती कोणी विकायला आणली तर ती बहुधा चोरीची असते. आम्ही मूर्ती घेतच नाही.

कायद्याच्या पलीकडेही एक प्रश्न आहे. दुकानदाराला ठाऊक नसलेली किंमत आपल्याला ठाऊक असेल तर काय करावे? आमच्या मते भंगारवाला हाही श्रम करणाराच आहे. त्याने सांगितलेल्या भावात घासाघीस करू नये, आणि वस्तू विशेष असेल तर तसे सांगून वर दोन पैसे द्यावेत. यात निव्वळ धर्म नाही, शहाणपणही आहे. पुढच्या वेळी तो वस्तू भट्टीकडे पाठवण्यापूर्वी आपल्याला हाक मारतो.

कारण एक विसरता येत नाही. संग्राहकाला मिळालेला लाभ हा बहुधा कोणाची तरी अडचण असते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते; आमचे वडील त्यांतले एक. बिऱ्हाड कल्याणला चाळीत. त्या पावसाळ्यात घरातली तांब्याची घागर मोडीत गेली. वडिलांनी ती धोतरात गुंडाळून, दिवेलागणीनंतर नेली, म्हणजे शेजाऱ्यांना दिसू नये. तिच्या गळ्यावर आजीचे नाव होते. दुकानदाराने नाव वाचले नाही, तोलले. वाचण्याचे त्याला कारण नव्हते.

त्यानंतर मोडीच्या ढिगातली कोणतीही घागर आम्ही गळ्याशी फिरवून पाहिल्याशिवाय राहिलो नाही. ती घागर मिळाली नाही. मिळणार नाही हेही ठाऊक आहे. मात्र एकदा मुरबाड तालुक्यातल्या एका गावाचे नाव असलेली घागर हाती आली. त्या गावचा एक सहकारी संघटनेत होता. त्याने चौकशी केली आणि नाव जिचे होते त्या बाईच्या सुनेचा पत्ता लागला. त्या डोंबिवलीत मुलाकडे राहत होत्या. आम्ही घागर घेऊन गेलो. त्यांनी सासूच्या नावावरून बोट फिरवले, ती किती साली विकली ते सांगितले, आणि चहा झाल्यावर म्हणाल्या, “आमच्याकडे जागा कुठे आहे, भाऊ? तुमच्याकडेच असू दे. फक्त परत मोडीत घालू नका.”

म्हणून ज्यांना या छंदाची आवड वाटत असेल त्यांनी भिंग घेण्याआधी एक वही घ्यावी. वस्तू कोठे मिळाली, कोणत्या दिवशी, कोणाकडून, कितीला, आणि तिच्याविषयी विकणारा काय म्हणाला, एवढ्या पाच गोष्टी त्याच रात्री लिहाव्यात. वही नसेल तर आपल्यामागे मुले हीच वस्तू पुन्हा तराजूत घालतील, आणि त्यांचा दोष नसेल. ज्याला घरी ठेवणे जमत नाही त्याने पुस्तके व कागद जवळच्या ग्रंथालयाला दाखवावेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८६४ पासूनचे कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आहे. ती माणसांनी आणून दिलेल्या पुस्तकांवरच वाढली आहेत.

आणि ज्यांना छंद नाही त्यांच्याकडे मागणे एवढेच. घर बदलताना माळ्यावरची वस्तू भंगारवाल्याच्या हाती देण्याआधी एकदा उलटी करून पाहा. नाव असेल तर वाचा. मग विकायची असेल तर खुशाल विका.