पोर्टल झोपलं की काय करायचं?

आजचा एपिसोड ऐकायला वेळ नसेल, तर हे त्याचं लिखित रूप. विषय तुमच्या ओळखीचा आहे. जून-जुलै उजाडतो, प्रवेश सुरू होतात आणि नेमकं तेव्हाच विद्यापीठाचं पोर्टल गोल गोल फिरत बसतं.

मी एमएस्सीला असताना प्रवेशाच्या काळात हेल्प डेस्कवर बसायचो. विद्यापीठाचं नाव घेत नाही. एका सकाळी सगळ्यांना एकदम मेसेज गेला : ‘फी भरणे सुरू, आज शेवटचा दिवस.’ दहा मिनिटांत पोर्टल बंद! समोर रांग लागली, आणि आम्ही प्रत्येकाला एकच सांगत होतो, “थोड्या वेळाने परत ट्राय करा.”

तिथेच आमचं चुकलं. का, ते सांगतो.

एसटी स्टँडवरची तिकीट खिडकी आठवा. आतला माणूस एका वेळी एकालाच तिकीट देणार. सर्व्हरचंही तसंच आहे. डेटाबेसशी एका वेळी ठरावीक जोडण्याच होतात, बाकीचे रांगेत थांबतात. आपण रिफ्रेश मारतो, पण आपली आधीची विनंती बऱ्याचदा आत तशीच पडून असते. म्हणजे एकच माणूस रांगेत पाच वेळा उभा! गर्दी खरी हजाराची, पण सर्व्हरला दिसते पाच हजारांची. म्हणून बंद पडलेलं पोर्टल परत सुरू केलं, तरी ते लगेच पुन्हा आडवं होतं.

दुपारी एक मुलगी आली. फर्स्ट इयरची, जतजवळच्या गावातून आलेली. फी भरली, खात्यातून पैसे गेले, पण पावती नाही. मी सकाळी सांगितलं होतं तसं तिने ‘परत ट्राय’ केलं. पैसे दोनदा गेले. दुसरी रक्कम मेसच्या ॲडव्हान्सची होती. ती एवढंच म्हणाली, “दादा, तुम्हीच सांगितलं होतं ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पैसे बुडतात का? सहसा नाही. बँकेतून पैसे निघतात, पण ‘मिळाले’ हा निरोप घ्यायला पोर्टल जागं नसतं. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे : यूपीआयने दुकानदाराला किंवा संस्थेला पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली आणि समोर पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. तिची पहिली रक्कम चौथ्या दिवशी परत आली. पण त्या रात्रीच्या जेवणाचं काय? शेवटी आमच्या सरांनी कोऱ्या कागदावर ‘फी भरली, पावती प्रलंबित’ असं लिहून शिक्का मारला. मेसवाल्या काकूंनी तो कागद पाहिला आणि ताट वाढलं.

त्या संध्याकाळी आम्ही तीन गोष्टी बदलल्या. मुदत दोन दिवसांनी वाढवली आणि ते लगेच जाहीर केलं. घाई संपली की गर्दी आपोआप ओसरते. मेसेज विभागवार, वेगवेगळ्या वेळी पाठवले. आणि टेबलावर एक साधी वही ठेवली : नाव, वेळ, यूटीआर नंबर, सही.

आता तुमच्यासाठी :

पैसे कापले गेले असतील तर दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचं स्टेटमेंट बघा, १२ अंकी यूटीआर नंबर लिहून ठेवा.

एररचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात वेळ आणि तारीख दिसू द्या.

मुदत संपायच्या आत विद्यापीठाला ईमेल करा. फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही.

मार्कशीट डिजिलॉकरमधून आधीच डाउनलोड करून ठेवा. ऐनवेळी तेही स्लो असू शकतं.

आणि हेल्प डेस्कवर माझ्यासारखा कुणी “परत ट्राय करा” म्हणाला, तर त्याला विचारा, “दादा, आधीच्या पैशांचं काय झालं, ते बघितलं का?”

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर चार्जर जवळ ठेवा!