घरगुती प्रोजेक्टर आणि आंबट वासाची फीत

सावेदादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले, तरी सामान्य कुटुंबाला परवडेल अशी फीत येण्यास बराच काळ जावा लागला. १९२३ मध्ये कोडॅकने सहज पेट न घेणाऱ्या अॅसिटेटची १६ मिमी फीत आणली, पुढे १९३२ मध्ये ८ मिमी आणि १९६५ मध्ये ‘सुपर ८’ आली. या शेवटच्या दोन्ही फितींची रुंदी सारखीच, पण कडेची छिद्रे वेगळी असल्याने जुन्या यंत्रात नवी फीत घालण्याचा उत्साह महागात पडतो.

प्रोजेक्टरमधील नखासारखा आकडा छिद्रात अडकून एकेक चित्र खाली ओढतो व क्षणभर थांबवतो, आणि फिरता पडदा, म्हणजे शटर, त्या हालचालीच्या वेळी प्रकाश अडवतो. सेकंदाला १८ चित्रे दाखवताना तीन पात्यांचे शटर ५४ वेळा प्रकाश तोडते, म्हणून लुकलुक जाणवत नाही.

संग्राहकाची खरी डोकेदुखी यंत्र नव्हे, फीत असते. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावात पत्र्याखालच्या ट्रंकेत उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेल्या अॅसिटेटमधून अॅसिटिक आम्ल सुटू लागते, ज्याला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. फीत आकसली की छिद्रे आकड्याशी जुळत नाहीत व फाटतात. त्यामुळे डबा उघडताच आधी वास घ्यावा, आणि तो आंबट आल्यास ती फीत इतरांपासून दूर, थंड व कोरड्या जागी ठेवावी.