पत्ता घराचा, चोर कोण?

इंटरनेट कंपनीचे पत्र येते : अमुक दिवशी, अमुक वाजता तुमच्या आयपी पत्त्यावरून एका चित्रपटाची चोरटी प्रत वाटली गेली. आपण दचकतो. पण हा पुरावा नेमके काय सांगतो?

आयपी पत्ता म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजावरचा क्रमांक. आत बिऱ्हाडे किती, हे त्यावरून कळत नाही. मुलांचे फोन, उन्हाळ्यात भारतातून आलेले आजी-आजोबा, वायफायचा पासवर्ड मागून नेलेला शेजारी, सारे एकाच राऊटरमधून त्याच क्रमांकाने बाहेर पडतात.

२००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी तर गंमतच केली. कोणती फाइल कोणाकडे आहे याची यादी ठेवणाऱ्या बिटटोरेंट ट्रॅकरला त्यांनी भलतेच पत्ते कळवले. नोटिसा आल्या त्या चक्क प्रिंटरच्या नावे! तपासणाऱ्यांनी यादीवरच विश्वास ठेवला होता. फाइलचे तुकडे प्रत्यक्ष मागवून मूळ प्रतीशी ताडले, तर त्या जोडणीवरून वाटप झाले असे म्हणता येते. कोणी केले, हे तरीही कळत नाहीच.

ऑरेगनमधील एका शुश्रूषागृहाच्या चालकावर 'द कॉबलर' चित्रपटावरून खटला झाला. जोडणी त्याची, वापरणारे रहिवासी आणि पाहुणे. जोडणी नावावर आहे, एवढ्याने दावा उभा राहत नाही, असे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१८ साली म्हटले. मला हे पटते. संगणकाची डिस्क तपासली तर चित्र पालटू शकते. पण हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी एका कलाकृतीमागे १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई होऊ शकते हे वाचून निर्दोष माणूसही तडजोडीचा चेक लिहून टाकतो, आणि डिस्क कोणी उघडतच नाही.