राज्य नाही, संघ आहे

पुण्या-मुंबईच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगताना आम्हा नागपूरकरांची पुरेवाट होते. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजी करंडकात त्याचे संघ तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बँकेतल्या बदल्यांच्या काळात तिकडचे सहकारी दर मोसमात विचारायचे, "म्हणजे तुम्ही महाराष्ट्रात नाही का हो?" मी त्यांना वेल्सचं उदाहरण देत असे.

ब्रिटनच्या पश्चिम कडेचा हा देश. लोकसंख्या एकतीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या अकरा जिल्ह्यांपुढे किरकोळच. संयुक्त राष्ट्रसंघात त्याला स्वतंत्र खुर्ची नाही. पण फुटबॉल संघटना आहे, तीही १८७६ सालची. १९५८च्या विश्वचषकात वेल्स उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला आणि सतरा वर्षांच्या पेलेच्या एकमेव गोलने हरला. विश्वचषकात पुन्हा पाय ठेवायला २०२२ साल उजाडलं. रग्बीतही लाल जर्सीचा संघ त्यांचा स्वतःचाच.

क्रिकेटमध्ये मात्र घोडं पेंड खातं. कौंटी स्पर्धेत ग्लॅमॉर्गन हा एकच वेल्श संघ आणि त्यातला खेळाडू मोठा झाला की डोक्यावर टोपी इंग्लंडची. मंडळाचं नाव 'इंग्लंड अँड वेल्स क्रिकेट बोर्ड', पण आद्याक्षरं 'ई.सी.बी.'. वेल्स वाटेतच गळालं! १९७२-७३ साली इंग्लंडचा संघ भारतात आला, त्याचा कर्णधार टोनी लुईस हा स्वान्सीचा. कानपूरला त्याने १२५ धावा काढल्या त्या इंग्लंडच्या खात्यात. २००२ साली कार्डिफला वेल्स नावाने उतरलेल्या संघाने एका एकदिवसीय सामन्यात इंग्लंडलाच आठ गडी राखून हरवलं, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना काय वाटलं असेल, ते मी समजू शकतो.

आमचं नेमकं उलटं. वेगळं राज्य झालं नाही, संघ मात्र १९५७-५८ पासून आहे. सदरहून पायी जाता येईल अशा सिव्हिल लाइन्समधल्या व्ही.सी.ए. मैदानावर १९६९ साली न्यूझीलंडने भारताला कसोटीत हरवलं. एवढं मोठं मैदान. पण घरचा संघ वर्षानुवर्षं दुबळ्यांत मोजला गेला. विदर्भाचा पहिला कसोटीपटू व्हायला २०११ साल लागलं. तो उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा.

मग १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये फैज फझलच्या संघाने दिल्लीला नमवून रणजी करंडक आणला. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक त्याच सामन्यातली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी वसीम जाफर दोघंही मुंबईचे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढच्याच वर्षी जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध पुन्हा करंडक. नागपूरच्या आदित्य सरवटेचे त्या सामन्यात अकरा बळी.

२०२५चा अंतिम सामना जामठ्यालाच, केरळविरुद्ध. आता गंमत पाहा. कर्नाटकातून आलेला करुण नायर विदर्भाकडून ८६ आणि १३५ धावा करतो, आणि आपला सरवटे केरळकडून ७९! टाळी कुणासाठी वाजवायची? सामना अनिर्णित राहिला, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. सरवटेच्या ७९ धावांना मी घरातल्या घरात टाळी वाजवून घेतली, नातवाचं लक्ष नाही असं पाहून.